वय ५२, टिपणी लिहिण्याचा अनुभव २६ वर्षं, आणि स्वाध्यायात १०० पैकी ४१

टिपणीवाली | ४ मार्च, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पंचायत समितीत वरिष्ठ सहाय्यक आहे. गेल्या जुलैत एका मुक्त विद्यापीठात एम.ए. समाजशास्त्राला नाव घातलं. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. इंग्रजीपेक्षा हिंदी बरी म्हणून हिंदी घेतलं. सिनेमे बघून आलेली हिंदी आणि पुस्तकातली हिंदी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे पुस्तकांचं खोकं फोडल्यावर कळलं. 'शिक्षा का प्रसार' असं वाचलं की अजूनही माझ्या डोळ्यांपुढे आधी छडी येते.

चार पेपर. प्रत्येकाचा एक स्वाध्याय, त्यात पाच उत्तरं, प्रत्येक उत्तर साधारण ५०० शब्दांचं. म्हणजे एकूण १०,००० शब्द, तेही हाताने. ऑफिसात हल्ली सगळं संगणकावर, हाताने लिहायची सवय सहीपुरती उरलीय. तिसऱ्या पानाला अक्षर कोंबडीच्या पायाचं होतं.

पण अक्षराचं दुःख नाही. डिसेंबरात पहिला स्वाध्याय दिला, तो परवा तपासून मिळाला. ४१. पास आहे. शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ: 'उत्तर में आपका कहना क्या है?'

रात्रभर झोप नाही. अहो, मी २६ वर्षं टिपण्या लिहितेय. माझी टिपणी साहेबांच्या टेबलावरून 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन क्वचितच परत येते. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, नियम, रक्कम आणि शेवटी 'सबब, मान्यतेस्तव सविनय सादर'. उत्तरंही तशीच लिहिली. वेबर काय म्हणाला, दुर्खीम काय म्हणाला, मुद्द्यांना आकडे घालून. टिपणीत 'माझं म्हणणं' कुठे असतं? लिहिलं तर मेमो मिळेल.

उरलेले तीन स्वाध्याय ३० एप्रिलपर्यंत द्यायचेत. मार्च एण्ड चालू आहे, बिलांचा ढीग आहे, रात्री आठच्या आत घर नाही. घरच्यांना गुण सांगितलेले नाहीत. मोठ्या वयात शिकलेलं कुणी इथे आहे का? 'आपलं म्हणणं' नक्की कुठून आणायचं?

---

मुक्कामी_गाडी | ५ मार्च, सकाळी ६:१५

ताई, आधी दंडवत. मी यष्टीत वाहक होतो, आता सेवानिवृत्त. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं, वयाच्या ४६व्या वर्षी. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ चं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. आमच्या बाबतीत गंगा घरी न येता मुक्कामी गाडीत आली. शेवटच्या गावाला रात्री साडेनऊला गाडी लागायची, चालक झोपायचा, मी देवळाच्या ओट्यावर दिव्याखाली पुस्तक उघडायचो. पहाटे साडेपाचला परतीची फेरी.

सल्ला एकच. रात्री लिहू नका, रात्री वाचा. पहाटे लिहा. रात्री लिहिलेलं मला सकाळी माझंच वाचवत नसे.

---

रोखठोक | ५ मार्च, सकाळी ९:३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ५२व्या वर्षी एम.ए. करून पदोन्नती मिळणार का? वेतनवाढ? नाही ना? मग ऐन मार्च एण्डला हे कशासाठी? ५८ला निवृत्त व्हा, मग निवांत करा.

---

झेरॉक्सवाला | ५ मार्च, सकाळी १०:०५

एवढं डोकं कशाला लावायचं? सोडवलेले स्वाध्याय बाजारात मिळतात. पीडीएफ घ्या, पेन उचला, उतरवून काढा. सगळे तेच करतात. तपासणारे पानं मोजतात हो, वाचतो कोण?

---

केंद्रावरचा_मास्तर | ५ मार्च, दुपारी १:४०

वाचतो. मी वाचतो.

एका अभ्यासकेंद्रावर समुपदेशक म्हणून रविवारी जातो, स्वाध्याय तपासतो, म्हणून सांगतो. एका वर्षी अकरा वह्यांत एकच वाक्य आलं: 'जैसा कि ऊपर के चित्र में दर्शाया गया है'. अकरापैकी एकाही वहीत चित्र नव्हतं. मूळ पीडीएफमध्ये असणार, उतरवताना कुणाला काढावंसं वाटलं नाही आणि वाक्य गाळावं हेही सुचलं नाही.

शिवाय हिशेब बघा. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) बहुतेक अभ्यासक्रमांना स्वाध्यायाचा वाटा ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेचा ७० टक्के असतो. परीक्षेत तीन तास पीडीएफ बरोबर नसते. स्वाध्याय ही त्या तीन तासांची तालीम. तालमीला दुसऱ्याला पाठवून कुस्ती स्वतः खेळायची म्हणजे अवघड आहे.

टिपणीवालीताई, तुमच्या प्रश्नावर सवडीने लिहितो. तोपर्यंत एक विचार करून ठेवा. एखाद्या टिपणीत तीन जी.आर. (शासन निर्णय) लागू होत असतील, तर पहिला कुठला लावायचा हे कोण ठरवतं?

---

लेस्टरची_सिस्टर | ५ मार्च, संध्याकाळी ७:२०

मी इंग्लंडमध्ये नर्स. ४४व्या वर्षी इथल्या ओपन युनिव्हर्सिटीत पदवीला बसले. १९६९ साली सनद मिळालेलं हे विद्यापीठ, बैठक मिल्टन कीन्सला, शिकणारे देशभर आपापल्या घरी. इथे स्वाध्यायाला टीएमए म्हणतात, म्हणजे ट्यूटरने तपासायचा स्वाध्याय. माझ्या पहिल्या टीएमएवर ट्यूटरने लिहिलं होतं की हे सगळं वर्णन झालं, विश्लेषण कुठे आहे? मला दोन्ही शब्दांचे अर्थ माहीत होते. फरक माहीत नव्हता.

आपण शाळेत 'खालील प्रश्नांची मुद्देसूद उत्तरे लिहा' यावर वाढलो. मुद्दे पाठ केले, ओतले, पैकीच्या पैकी. इथे मुद्दे फक्त कच्चा माल.

मला फरक वॉर्डात कळला. पाळी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटचा ताप, बीपी, दिलेली औषधं सांगतो. ते वर्णन. पण शेवटी आपण हळूच म्हणतोच की 'चार नंबरच्या आजोबांवर लक्ष ठेव गं, मला काही ठीक वाटत नाहीत', आणि ती विचारते 'का?' त्या 'का'ला आपण जे उत्तर देतो ते विश्लेषण. तेव्हापासून नवऱ्याला समोर बसवून आधी तोंडी उत्तर सांगते. तो दर दोन वाक्यांनी 'का?' विचारतो. आमची भांडणं होतात, पण गुण वाढले.

जाता जाता, मुदत वाढवून मागायची वेळ आली तर शेवटच्या दिवशी मागू नका, चार दिवस आधी मागा. हे मी तीनदा चुकून शिकले.

---

टिपणीवाली | ५ मार्च, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@रोखठोक, पदोन्नती नाही, वेतनवाढ नाही. १९९५ साली एम.ए.चा फॉर्म भरला होता, त्याच आठवड्यात नेमणुकीचा आदेश आला. फॉर्मची पावती अजून माझ्याकडे आहे. बाकी कारण मलाही नीट सांगता येत नाही.

@झेरॉक्सवाला, मुलानं हेच सुचवलं. वर एआयकडून एक उत्तर काढूनही दिलं. गुळगुळीत हिंदी, एकही खडा नाही. उतरवायला बसले. पण हातानं उतरवताना एक गंमत होते, कुठलं वाक्य आपलं नाही ते बोटांना कळतं. मी आयुष्यात 'बहुआयामी' हा शब्द उच्चारलेला नाही. दुसऱ्या परिच्छेदावर थांबले.

@केंद्रावरचा_मास्तर, जी.आर. मीच ठरवते. आणि... पकडलंत तुम्ही मला.

---

केंद्रावरचा_मास्तर | ६ मार्च, सकाळी ७:००

पकडलं ना? कुठला जी.आर. आधी, कुठला शेवटी, कुठला 'तथापि'नंतर, यातच तुम्ही साहेबांचा निर्णय ठरवून टाकलेला असतो. साहेब फक्त सही करतात. म्हणजे २६ वर्षं तुमचं म्हणणं तुम्ही मांडतच आलात, पण लपवून. नोकरीत ते लपवण्याचाच पगार मिळतो. इथे तेच उघड करायचं.

दुसरं, प्रश्नातलं क्रियापद वाचा. 'वर्णन कीजिए' असेल तर वर्णन पुरे. 'चर्चा कीजिए' असेल तर दोन बाजू मांडा आणि एकीकडे झुका. 'आलोचनात्मक परीक्षण' असेल तर मत कुठे कमी पडतं ते दाखवा. तुमच्या ऑफिसात 'चर्चा करावी' म्हणजे फाईल परत. त्या शब्दाची भीती इथे सोडा.

पुढचा प्रश्न कुठला आहे? इथेच टाका, बघू.

---

निम्मी_वही | ६ मार्च, दुपारी ३:३०

मी वेगळं सांगते, कारण अशा धाग्यांवर फक्त जिंकलेले लिहितात. मी सोडलं. एम.ए. मराठी, ४८व्या वर्षी. तीन स्वाध्याय दिले, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पूर्ण करायला जास्तीत जास्त चार वर्षं असतात, ती बघता बघता गेली. वाईट वाटलं, पण फार नाही. वाचलेलं माझ्याजवळ राहिलं. ताई, जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर कुणाला तोंड लपवू नका, आणि घरच्यांना ते ४१ सांगून टाका.

---

टिपणीवाली | ९ मार्च, पहाटे ५:२५

पहाटे लिहितेय, मुक्कामी_गाडी यांचं ऐकून.

@निम्मी_वही, सांगितलं. मुलगा म्हणाला, 'मला इंजिनिअरिंगच्या गणिताला, एम-वनला, ४० होते.' एवढंच झालं.

प्रश्न असा आहे: इरावती कर्वे यांनी केलेल्या नातेव्यवस्थेच्या प्रादेशिक विभागणीची चर्चा करा. माझा पहिला खर्डा, मराठीत:

'इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेनुसार चार विभाग केले आहेत. १) उत्तर २) मध्य ३) दक्षिण ४) पूर्व. महाराष्ट्र मध्य विभागात येतो. उत्तरेत जवळच्या नात्यात विवाह निषिद्ध आहे. दक्षिणेत असा विवाह इष्ट मानतात. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह अनेक जातींत चालतो, आत्याच्या मुलीशी चालत नाही.'

लिहून झालं आणि पुन्हा टिपणीच झाली हे माझं मलाच दिसलं. 'मान्यतेस्तव सादर' तेवढं राहिलं.

पण शेवटचं वाक्य लिहिताना पेन थांबलं. माझी थोरली बहीण आत्याच्या घरीच दिलीय. कुणाला वावगं वाटलं नाही, उलट 'भाची सून केली' म्हणून आत्याचं कौतुक झालं. आणि मला मामाच्या मुलाचं स्थळ कुणीतरी सुचवलं, तेव्हा आजी भरल्या ताटावरून उठली होती. 'वेल परत आणायची नाही.' म्हणजे जिथून आई आली त्या घरात तिची लेक सून म्हणून जायची नाही. मी तेव्हा १९ वर्षांची. आजीचं काहीतरी खूळ असेल म्हणून सोडून दिलं. आणि आता हे पुस्तकात, हिंदीत, नकाशासकट.

हे उत्तरात लिहायचं असतं का? की ही घरगुती गप्पा?

---

मालवणी_खाजा | ९ मार्च, सकाळी ८:१०

लिहा म्हणजे काय, लिहाच! कर्वेबाई ज्यांच्याकडे शिकल्या ते समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आमच्या मालवणचे, १८९३ चा जन्म. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग १९१९ सालचा, सुरुवात पॅट्रिक गेडिस यांनी केली, पुढे घुर्यांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. (गावाचा अभिमान, हलके घ्या.)

एक शंका. आपण सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणतो, ते यातूनच आलं का?

---

टिपणीवाली | ९ मार्च, सकाळी ८:४०

अगं बाई.

ऑफिसला निघाले होते, चप्पल काढून परत बसले. माझ्या सासूबाई माझ्या नात्यातल्या कुणीही नव्हत्या. तरी पहिल्या दिवसापासून आत्याबाई! म्हणजे लग्न परक्या घरात झालं तरी हाक आत्याच्या घरचीच.

---

पैलतीर | ९ मार्च, दुपारी १२:२०

थांबा. आत्याबाई पटलं. पण मामंजी? सासरा मामा असेल तर मुलगी मामाच्या घरी पडली. मग आजीच्या वेलीचं काय झालं? दोन्ही शब्द एकाच वेळी खरे कसे?

---

टिपणीवाली | ९ मार्च, रात्री १०:५५

दिवसभर बिलं पास करताना हेच डोक्यात. एक बिल दोनदा नोंदवलं, नशीब वेळीच दिसलं.

आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. म्हणजे बहिणीची सासू आत्या आणि सासरे तिचे 'मामा'. दोन्ही हाका एकाच घरात बसतात, वेल परत येतच नाही.

---

लेस्टरची_सिस्टर | १० मार्च, रात्री १२:३०

आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणतात हो. मामा अजिबात नाही. तरी सासरे मामंजीच.

---

केंद्रावरचा_मास्तर | १० मार्च, सकाळी ६:५०

झालं उत्तर तयार. दिसतंय का?

आधी कर्वे काय म्हणतात ते थोडक्यात, ते तुमचं झालंच आहे. फक्त १, २, ३, ४ काढा, सलग वाक्यं करा. मग तुमचं म्हणणं, एका ओळीत: महाराष्ट्रात जिथे आत्याच्या घरी लग्न होत नाही तिथेही त्याच्या खुणा सासरच्या हाकांत दिसतात. त्यासाठी बहिणीचं उदाहरण आणि आजीची वेल. दोन-तीन वाक्यं पुरे, ताटावरून उठणं गाळलंत तरी चालेल. (मला मात्र तेच आवडलं.) मग पैलतीर यांची शंका जशीच्या तशी. मग तुमचं उत्तर. आणि मग सिस्टरचे आतोबा, म्हणजे तुमचं उत्तर सगळीकडे लागू पडत नाही, हे तुम्हीच आधी सांगून टाकायचं.

एक जपा. 'यावरून सिद्ध होते की पूर्वी सगळ्या महाराष्ट्रात अशीच लग्ने होत' असलं वाक्य येऊ देऊ नका. तुमच्याकडे एक घर आणि दोन हाका आहेत, तेवढ्यावर जेवढं म्हणता येतं तेवढंच. टिपणीत एका पावतीवर सगळ्या तालुक्याचा खर्च मंजूर करता का?

---

रोखठोक | १० मार्च, सकाळी ९:१५

माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण धागा वाचतोय. आमच्यातही मामंजी.

---

टिपणीवाली | १६ मार्च, पहाटे ५:४०

आता नवी पंचाईत. हे सगळं हिंदीत कसं लिहू? आत्याबाईला 'बुआ' लिहिलं की मुद्दाच मेला. हिंदीत सासूला कुणी बुआ म्हणत नाही, तोच तर फरक आहे! आणि ५०० शब्दांची मर्यादा, माझे ७८० झालेत.

---

केंद्रावरचा_मास्तर | १६ मार्च, सकाळी ७:०५

मराठी शब्द तसाच ठेवा, अवतरणात, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ द्या. तपासणाऱ्याला आत्याबाई माहीत नसेल तर उत्तमच, एक नवी गोष्ट कळेल.

७८० चे ५०० करताना पहिला परिच्छेद पाडा. तो आपण हात गरम करायला लिहितो. 'भारत विविधताओं का देश है' असं काही आहे ना सुरुवातीला?

---

टिपणीवाली | १६ मार्च, सकाळी ७:२०

आहे. पाडते.

---

टिपणीवाली | २८ एप्रिल, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, क्षमस्व.

तिन्ही स्वाध्याय आज जमा केले. पंधरा उत्तरं. खरं सांगायचं तर त्यातली चारच मनासारखी झाली. संशोधनपद्धतीच्या पेपरात नमुना निवडीचं उत्तर पुन्हा सरळ टिपणीच आहे, ३१ मार्चच्या रात्री लिहिलंय, दुसरं काय होणार? मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडलाय, दहावीनंतर पहिल्यांदा.

वह्यांना ऑफिसचा हिरवा टॅग लावला होता. केंद्रावरच्या बाईंनी एकदा टॅगकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'कुठल्या खात्यात?' पोचपावती देताना तारखेचा शिक्का पुसट उमटला, तर मी सवयीनं 'आवक क्रमांक घाला ना' म्हटलं. घातला त्यांनी.

---

मालवणी_खाजा | २८ एप्रिल, रात्री ९:५५

अभिनंदन! वाचनखूण साठवली. पुढील लेखनास शुभेच्छा. गुण आले की इथेच सांगा. आणि बहिणीला वाचून दाखवलंत की नाही?

---

टिपणीवाली | २८ एप्रिल, रात्री १०:४०

आत्ताच फोन केला होता. सगळं वाचून दाखवलं, हिंदीतून मराठीत करत. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, 'पण मी तिला आत्याबाई कधी म्हटलंच नाही गं. लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं तर आत्या दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हणाली, आत्याबाई परक्या पोरी म्हणतात, तू आत्याच म्हण.'

म्हणजे जिची सासू खरोखरची आत्या, तीच आत्याबाई म्हणत नाही! केवढा मोठा मुद्दा. आणि वही तर जमा झाली.